नमाज, रोजा, जकात, हज: सुरुवात कुठून करायची?

कोंढव्यात माझ्या घरी दर रविवारी सकाळी चार-पाच जणी जमतात. काही मुस्लिम घरातच वाढलेल्या, पण शाळा, कॉलेज, नोकरी यात नमाज नीट शिकायची राहून गेलेली. दोघी नुकत्याच इस्लाममध्ये आलेल्या. एकीला सासूबाई रोज काय पढतात ते समजून घ्यायचंय. प्रत्येकीचा पहिला प्रश्न मात्र तोच असतो: "आपा, एवढं सगळं एकदम कसं जमायचं?"

एकदम जमवायचंच नाही. अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे थोडं असलं तरी सातत्याने होतं, असं हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा आणि शांती असो) सांगितलं आहे. आपल्या मराठीत यासाठी 'नेम' हा फार नेमका शब्द आहे. पहिल्या आठवड्यात पाचही नमाजा, सगळ्या सुन्नती (पैगंबर जोडीने पढत त्या जादा नमाजा), वर कुरआनचं एक पान असा सपाटा लावणारी मुलगी महिन्याभरात थकलेली मी पाहिली आहे. दिवसातली एकच नमाज घट्ट धरून बसलेली वर्षभरात पाचांवर आली. पाचही फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहेत, त्यात सूट नाही. पण शिकण्याला चढण असते आणि ती एकेक पायरीनेच चढावी लागते.

मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. बारीक मसला, म्हणजे नियमाचा प्रश्न, असेल तर जवळच्या इमामांना विचारा. इथे लिहिते आहे ते रोजच्या आचरणातलं आणि त्याचा अर्थ मला जसा लागला तसं.

कलमा

"ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर रसूलुल्लाह." अल्लाहशिवाय कोणीही पूजनीय नाही आणि मुहम्मद अल्लाहचे प्रेषित आहेत. इस्लामच्या पाच अरकानांपैकी, म्हणजे खांबांपैकी, हा पहिला. इस्लाममध्ये येणाऱ्या माणसाने हे समजून, मनापासून म्हणायचं असतं. त्यासाठी समारंभ लागत नाही. नाव बदलणंही सक्तीचं नाही, नावाचा अर्थ वाईट नसला म्हणजे झालं. जन्माने मुस्लिम असलेल्यांनाही मी सांगते की हा कलमा एकदा शांत बसून, अर्थ मनात धरून म्हणा. लहानपणापासून तोंडात बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडे कधी नीट पाहिलेलंच नसतं. पहिला शब्द 'ला' आहे, म्हणजे 'नाही'. पैसा, पद, लोक काय म्हणतील याची भीती, ज्याच्या ज्याच्यापुढे आपण मनातून वाकलेले असतो त्या सगळ्याला आधी नकार द्यायचा आणि मग एकाला होकार.

वजू, एका तांब्यात

माझी नानी गंज पेठेतल्या वाड्यात राहायची. नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. वजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, तिचा एक तांब्या ठरलेला होता, ठोक्याचा, तोंडाशी थोडा चेपलेला. मोरीशी पाटावर बसून ती डाव्या हाताने तांब्या कलता करायची आणि बारीक धारेखाली उजवा हात धरायची. सगळं वजू झाल्यावर तळाशी दोन घोट पाणी उरलेलं असायचं, ते ती तुळशीवृंदावनाशेजारच्या गवती चहाला घालायची. मोठी झाल्यावर हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि आचरणाच्या नोंदींत, वाचलं की पैगंबरांचं (स.) वजू एका 'मुद्द' पाण्यात होत असे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीचं माप, आजच्या हिशेबाने पाऊण लिटरच्या आसपास. नानीच्या तांब्यात जवळपास तेवढंच मावत असणार. नळ पूर्ण सोडून वजू करणाऱ्यांना म्हणून मी पहिल्या दिवशी तांब्या हातात देते.

आधी मनात नियत, म्हणजे संकल्प, करा आणि बिस्मिल्लाह म्हणा. दोन्ही हात मनगटापर्यंत तीनदा धुवा. तीनदा चूळ भरा, तीनदा नाकात पाणी घेऊन नाक साफ करा. मग चेहरा तीनदा: कपाळावर केस उगवतात तिथपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग उजवा हात कोपरासकट, नंतर डावा. ओले हात डोक्यावरून फिरवा, त्याला मसह म्हणतात, आणि त्याच ओल्या बोटांनी कान पुसा. शेवटी पाय घोट्यांसकट धुवा, आधी उजवा. बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवा, कारण नेमकी तीच जागा कोरडी राहते. चेहरा, हात, डोक्याचा मसह आणि पाय हे चार फर्ज कुरआनमध्येच आले आहेत.

नवशिक्या मुली दोन ठिकाणी अडकतात. नेलपॉलिशचा थर असेल तर पाणी नखाला लागत नाही, मग वजू होत नाही. मेंदीचा फक्त रंग असतो, ती चालते. आणि पोळ्या करून उठला असाल तर नखांच्या कडेला वाळलेली कणीक आधी काढा. हे बारीकसारीक वाटतं. पण वजू करताना माणूस आपल्याच शरीराकडे दिवसातून पाच वेळा इतक्या काळजीने बघतो आणि त्यातूनच मन गोळा होऊ लागतं. तोंड धुताना सकाळपासून काय काय बोललो ते आठवतं. हात धुताना हातांनी काय केलं ते.

दिशा आणि वेळ

पुण्यातून किबला, म्हणजे नमाजसाठी मक्केतल्या काबाची दिशा, पश्चिमेला, पण तंतोतंत पश्चिमेला नाही, साधारण ११ अंश उत्तरेकडे झुकलेली. मोबाईलच्या होकायंत्रात २८१ अंशांच्या आसपास. एकदा नीट बघून घरातल्या भिंतीचा कोपरा लक्षात ठेवा, रोज मोबाईल काढायची गरज पडत नाही.

पाच वेळा सूर्यावर ठरतात. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत. जुहर दुपार कलल्यावर, पुण्यात साडेबारा-पाऊणच्या सुमाराला सुरू होते. मग असर, सूर्यास्त झाला की मगरिब, आणि पश्चिमेची लाली गेल्यावर इशा. रकात म्हणजे उभं राहण्यापासून सजद्यापर्यंतचा नमाजचा एक फेरा. फर्ज रकाती अनुक्रमे २, ४, ४, ३ आणि ४, दिवसाच्या एकूण १७. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये असरची वेळ आणि मशिदीतली अजान यांत बराच फरक दिसला तर घाबरू नका. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हनफी आणि शाफई या आचरणाच्या दोन परंपरांचे पर्याय असतात. सावलीच्या मोजणीतला तो फरक आहे. पुण्यातले बहुतेक मुस्लिम हनफी पद्धतीने चालतात, कोकणातून आलेली आपली कोकणी मुस्लिम मंडळी शाफई. दोन्ही बरोबर आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी जी पद्धत आहे ती धरा आणि दुसऱ्याला चूक म्हणायला जाऊ नका.

फजरची सगळ्यांनाच धास्ती असते. ती सुरू करायला पुण्याचा हिवाळा सोयीचा. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे सहा-सव्वासहाला उठूनही नमाज वेळेत होते. जूनमध्ये सूर्योदय सहाच्या आतबाहेर येतो, पण तोवर सवय झालेली असते.

दोन रकात, सावकाश

फजरच्या दोन फर्ज रकाती शिकलात की बाकीच्या नमाजा त्याच साच्यातल्या आहेत. मी हनफी पद्धत सांगते.

किबलाकडे तोंड करून उभे राहा. कोणती नमाज हे मनात असलं की नियत झाली. हात उचलून "अल्लाहु अकबर" म्हणा आणि डाव्या हातावर उजवा बांधा. पुरुष नाभीखाली बांधतात, बायका छातीवर. सना, म्हणजे सुरुवातीची छोटी स्तुती, म्हणा, मग कुरआनची पहिली सूरह (अध्याय) फातिहा, मग एखादी लहान सूरह. सूरह कौसरला तीनच आयती आहेत, तिने सुरुवात करा. पुन्हा "अल्लाहु अकबर" म्हणून रुकूत वाका, हात गुडघ्यांवर, आणि तीनदा "सुब्हाना रब्बियल अजीम". "समिअल्लाहु लिमन हमिदह" म्हणत सरळ उभे राहा आणि "रब्बना लकल हम्द" म्हणा. मग सजद्यात जा: कपाळ आणि नाक, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे, दोन्ही पायांची बोटं जमिनीला. तीनदा "सुब्हाना रब्बियल आला". उठून क्षणभर बसा, पुन्हा तसाच दुसरा सजदा. ही एक रकात. दुसरी सनाशिवाय अशीच करा आणि शेवटी बसून अत्तहिय्यात (बसून पढायचं ठरलेलं वचन), दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आणि दुआ पढून आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फेरा.

पहिले काही दिवस हातात कागद धरून पढलात तरी मी काही म्हणणार नाही. सूरह पाठ होईपर्यंत घरात कोणी पढत असेल तर त्यांच्या मागे उभे राहा. घाई मात्र करू नका. रुकूतून पाठ सरळ व्हायच्या आत सजद्यात जाणं ही नवशिक्यांचीच नव्हे, चाळीस वर्षं पढणाऱ्यांचीही खोड आहे.

आता अर्थाचं. मी लहानपणी नानीकडून नमाज शिकले, पण शब्दांचा अर्थ कळायला वयाची पंचविशी उलटावी लागली. मराठी शाळेत शिकलेली मी, अरबी येत नव्हती आणि उर्दू मोडकीतोडकी. तेव्हा वाटायचं की उर्दू चांगली नाही म्हणजे आपलं दीन, म्हणजे धर्म, कच्चं. हा न्यूनगंड पुण्यातल्या कितीतरी मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांत आहे आणि तो खरंच टाकून द्यायला हवा. नमाज अरबीत पढायची, पण समजून मराठीत घ्यायची. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी याच भाषेत ईश्वराबद्दल लिहिलं. कुरआनची मराठी भाषांतरंही मिळतात. अत्तहिय्यात पाठ करायच्या आधी तिचं मराठी चार वेळा वाचा.

फातिहाच्या सात आयती घ्या. पहिल्या भागात स्तुती आहे, शेवटच्या भागात मागणं आहे आणि मधल्या आयतीत दोन्ही जोडलेली आहेत: आम्ही तुझीच भक्ती करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. बंद खोलीत एकटीने नमाज पढतानाही शब्द 'मी' नाही, 'आम्ही' आहे. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी पुढची आयत विसरून तशीच उभी राहिले होते.

आणि सजदा. माणूस आपल्या रबच्या, म्हणजे पालनकर्त्याच्या, सर्वांत जवळ सजद्यात असतो, असं हदीसमध्ये आहे. दिवसभर ताठ ठेवलेलं डोकं जमिनीला टेकतं आणि तोंडात शब्द असतात, "माझा रब सर्वांत उच्च आहे". मला स्वतःला नमाजमधला सगळ्यात मोकळा क्षण तो वाटतो. मन भरून आलं असेल तर नफिल, म्हणजे ऐच्छिक, नमाजच्या सजद्यात थोडा जास्त वेळ थांबा.

दारासमोर नदी असेल आणि माणूस तिच्यात रोज पाच वेळा आंघोळ करत असेल, तर अंगावर मळ राहील का, असं पैगंबरांनी (स.) सोबत्यांना विचारलं होतं. पाच नमाजा तशाच, ते म्हणाले. वजू करून, सावकाश पढून उठल्यावर ही उपमा आपोआप पटते.

ऑफिस, प्रवास आणि मशीद

हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरी असेल तर जुहर आणि असरची अडचण येते. चार फर्ज रकातींना सहा-सात मिनिटं लागतात, एका चहाएवढा वेळ. वरिष्ठांना सरळ सांगून एखादी रिकामी खोली मागा. लपूनछपून जिन्याखाली पढण्यापेक्षा ते बरं. वजू घरूनच करून निघालात आणि तो टिकला तर बेसिनमध्ये पाय धुण्याचा संकोचही टळतो.

प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच पढायच्या, याला कसर म्हणतात. हनफी हिशेबात अंतर साधारण ७८ किलोमीटर धरतात, आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असायला हवा. म्हणजे पुण्याहून मुंबईला किंवा साताऱ्याला गेलात तर कसर आहे, लोणावळ्याला गेलात तर नाही. फजर आणि मगरिब आहे तशीच राहते.

शुक्रवारी जुहरच्या जागी जुमा असतो: आधी खुतबा, म्हणजे इमामांचं प्रवचन, मग जमातीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून, दोन रकाती. पुरुषांवर तो फर्ज आहे. प्रत्येक मशिदीची जमातीची वेळ वेगळी असते, दारावरच्या फळ्यावर लिहिलेली. खुतबा सुरू असताना बोलू नका आणि लोकांचे खांदे ओलांडून पुढे घुसू नका.

बायकांना जुमा फर्ज नाही, पण मशिदीत जायला मनाईही नाही. २०१९ मध्ये पुण्याच्याच एका दांपत्याने या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि महिलांना मशिदीत नमाजची मुभा आहे हे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही तिथे मान्य केलं. तरीही कित्येक मशिदींत आमच्यासाठी ना जागा आहे ना वजूखाना. बाजारात असताना असरची वेळ झाली तर बाईने जायचं कुठे? हा प्रश्न कमिट्यांनी गांभीर्याने घ्यावा, असं मला फार वाटतं. तुमच्या भागात जागा आहे का ते आधी चौकशी करून जा. मासिक पाळीत नमाज नाही आणि ती नंतर भरूनही काढायची नसते. रोजे मात्र नंतर पूर्ण करायचे.

रोजा

रमजानमध्ये पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत खाणं, पिणं आणि शरीरसंबंध बंद. पुण्यात हा वेळ हिवाळ्यात बारा-साडेबारा तास, जूनमध्ये साडेचौदा तासांच्या आसपास. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तर तो जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू होईल.

सेहरी, म्हणजे पहाटेआधीचं खाणं, चुकवू नका, दोन घास आणि पाणी का होईना. तळलेलं आणि खारट खाल्लंत तर दुपारी तहान लागणार. माझ्या घरी सेहरीला ज्वारीची भाकरी, दही आणि एक केळं असतं. चुकून, विसरून काही खाल्लंत तर रोजा तुटत नाही, आठवल्याबरोबर थांबा आणि पुढे चालू ठेवा. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोला. ही सूट अल्लाहनेच दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही.

रमजानच्या संध्याकाळी कौसर बागेत आणि मोमिनपुऱ्यात खाण्याची झुंबड उडते, लांबून लांबून लोक येतात. त्यांचं स्वागतच आहे. पण रोजा म्हणजे तो बाजार नव्हे. मगरिबच्या अजानच्या आधीची ती चार-पाच मिनिटं आठवा: समोर खजूर आहे, पाणी आहे, घरात आपण एकटेच आहोत, कोणी बघत नाही, तरी हात पुढे जात नाही. कुरआन ज्याला तकवा म्हणतो, ईश्वराची सतत जाणीव, ती मला त्या मिनिटांत सर्वांत स्पष्ट समजते. आणि जो खोटं बोलणं सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, ही हदीस उपाशीपोटी भावकीची उणीदुणी काढत बसणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी आहे.

जकात: कागद-पेन घेऊन बसा

जकात म्हणजे मर्जीने टाकलेली भीक नाही, आपल्या संपत्तीतला तो गरिबाचा हक्क आहे. शब्दाच्या मुळाशी शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. ७.५ तोळे सोनं किंवा ५२.५ तोळे (सुमारे ६१२ ग्रॅम) चांदी हा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा. सोनं, रोख, बचत असं मिश्र असेल तर आपल्याकडे बहुतेक उलमा, म्हणजे धर्मपंडित, चांदीची किंमत धरतात. तेवढी मालमत्ता असेल आणि चांद्र वर्ष उलटलं असेल तर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा भाग द्यायचा.

समजा, रोख आणि बँकेत मिळून ३,००,००० आहेत. दागिन्यांची आजच्या भावाने किंमत ४,००,०००. कोणाकडून २०,००० यायचे आहेत आणि तुम्हाला ४०,००० द्यायचे आहेत. राहिले ६,८०,०००. भागिले ४०, जकात १७,०००. राहतं घर, वापरातली गाडी, भांडीकुंडी धरायची नाहीत. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी पद्धतीत जकात आहे, शाफईत नाही. हिशेबासाठी दर वर्षीची एक हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र कॅलेंडरची, तारीख पक्की करा आणि वहीत लिहून ठेवा.

आई-वडील, मुलं, नवरा-बायको यांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या यांना देता येते आणि तिथून सुरुवात करणंच चांगलं. देताना ही जकात आहे असं सांगण्याचीही गरज नाही. एखाद्या मुलीची फी भरायची असेल तर पाकीट तिच्या आईच्या हातात द्या आणि विषय बदला. ईदच्या नमाजआधी माणशी फित्रा हे दान वेगळं द्यायचं, घरातल्या तान्ह्या बाळाचंसुद्धा, म्हणजे ईदच्या दिवशी कोणाची चूल थंड राहत नाही.

हज

ज्याला शरीराने आणि पैशाने जमेल त्याच्यावर आयुष्यात एकदा. जिलहिज या हिजरी महिन्याच्या ८ तारखेपासून मुख्य विधी सुरू होतात. पुरुषांना इहरामची दोन न शिवलेली वस्त्रं, काबाभोवती सात फेऱ्या, सफा-मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा, मिना आणि मुजदलिफा या ठिकाणचे मुक्काम. ९ तारखेला अराफातच्या मैदानात थांबणं हा हजचा गाभा, ते चुकलं तर हजच होत नाही. हज कमिटीमार्फत जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास चाळीसेक दिवसांचा असतो, आणि पुण्याची मंडळी साधारणपणे मुंबईहून विमानात बसतात. नवशिक्यांना आत्ताच एवढं पुरे. पण हजची तयारी बॅग भरण्याच्या फार आधी सुरू होते, ती देणी फेडण्यापासून.

नानी हजला निघाली तेव्हा मी सातवीत होते. आठवडाभर ती मला बरोबर घेऊन फिरली. दुरावलेल्या जावेकडे गेली, जुन्या घरमालकांकडे गेली, "कहा-सुना माफ करा" म्हणून हात जोडले. शेवटी मंडईत तिच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडे. "माझ्याकडं काही बाकी ऱ्हायलीय का तुमची?" मावशींनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "मागल्या पावसाळ्यातली मेथीची एक जुडी." नानीने चोळीतून छोटं पाकीट काढलं, पैसे मोजून दिले आणि मावशींनीही ते मोजून घेतले.